सात सीटांची गाडी

ताईचं सगळं बिऱ्हाड परदेशी गेलं त्या दिवशी मावशी विमानतळावरून परत आली ती मधल्या रांगेत बसून. गाडी भावोजींचा एक मित्र चालवत होता. "पुढे या की, मागे एकट्या कशाला?" असं तो दोनदा म्हणाला, पण तिला ते जमेचना. गाडी घेतल्यापासून तिची जागा ठरलेली होती: मधली रांग, सरकत्या दाराशेजारी. दार ओढून उघडायचं, मुलांना एकेक करून आत घ्यायचं, कुणाची बोटं, कुणाच्या दप्तराचा पट्टा, कुणाच्या फ्रॉकची कड मध्ये नाही ना ते बघायचं, दार लावायचं आणि मग म्हणायचं, "चला." तिनं चला म्हटल्याशिवाय भावोजी गाडी हलवत नसत. "आमची कंडक्टरीण," असं ते चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

त्या दिवशीही दार लावून ती सवयीनं म्हणाली, "चला." मित्र बिचारा दचकला. त्याला वाटलं, आपल्याला उशीर झाला म्हणून बाई चिडल्या.

मावशीनं लग्न केलं नव्हतं. थोरल्याच्या जन्माच्या वेळी ताईला हातभार लावायला म्हणून ती आली आणि राहिली ती राहिलीच. मग मधली झाली, मग शेंडेफळ. दिवसा मावशी पडद्यांच्या दुकानात कापड कापायची, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, दुखणीखुपणी, भांडणं. मुलांची मावशी म्हणून गल्लीची मावशी, आणि गल्लीतल्या बायका पडदे शिवून घ्यायला यायच्या म्हणून दुकानातही मावशीच. भावोजींना बाहेरची नोकरी लागली तेव्हा ती पण जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मग कागदपत्रं करून देणाऱ्या माणसानं समजावलं. तिकडच्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. म्हातारे आईवडील असते तर काहीतरी वाट काढता आली असती.

"पण मावशी म्हणजे आईसारखीच असते," शेंडेफळ त्याला म्हणालं.

"खरंय रे बाळा," तो हसून म्हणाला, आणि पुढच्या कागदाकडे वळला.

गाडी विकायची होती, ती गडबडीत राहून गेली. "सावकाश विकून टाक," भावोजी निघताना म्हणाले. "तुला काय उपयोग तिचा?" खरं होतं. सात माणसांची गाडी आणि माणूस एक, तेही चालवता न येणारं. तरुणपणी कधीतरी हौसेनं परवाना काढला होता आणि दर वेळी नियमानं नवा करून घेतला होता, तेवढंच.

पहिले काही दिवस तिला घरात जेवण किती रांधायचं हेच कळेना. मूठ मूठ कमी करत गेली तरी उरायचंच. बाथरूमपुढे रांग नाही, दिवे कुणी चालू ठेवून जात नाही, रिमोट जिथे ठेवावा तिथेच सापडतो. एरवी याच गोष्टींवरून ती घर डोक्यावर घ्यायची. आता दुकानातून आली की कुलूप काढताना आधी जरा खाकरायची, जणू आत कुणाला चाहूल द्यायची असावी. तिचं तिलाच हसू आलं एकदा.

एका रविवारी तिनं गाडी आतून झाडायची ठरवली. किल्लीचं बटण दाबलं तर गाडीनं हूं की चूं केलं नाही. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं, तिथला मेकॅनिक आला, वायरी जोडून त्यानं बॅटरीला जागं केलं.

"किती दिवस उभी आहे?" त्यानं विचारलं.

"ते गेल्यापासून."

"मावशी, गाडी चालवली नाही की ती मरते. बॅटरी जाते, टायर एका जागी बसतात, ब्रेकला गंज धरतो. आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा. नाहीतर वेळेत विका."

तो गेल्यावर ती आत चढून झाडायला लागली. शेवटच्या रांगेच्या फटीत खोडरबर निघालं, एक मोजा निघाला, चावून चपटी केलेली पेन्सिल निघाली. तिनं त्या वस्तू हातात धरल्या आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली. मग मोजा धुवायला टाकला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून गाडी शिकवणाऱ्या बाईंना फोन केला.

त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणायचे. जन्मभर शाळेच्या गाड्या चालवल्या होत्या, आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून शिकवण्या. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. "गाडी चालवायला गाढवही शिकतं," हे त्यांचं पहिलं वाक्य. "मी थांबवायला शिकवते."

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूसुद्धा करू दिली नाही. सीट वर घ्या, अजून वर, नाक कुठे संपतं ते दिसलं पाहिजे. आरसे लावा. मग स्वतः उतरून त्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याजवळ उभ्या राहिल्या. "दिसते का मी?"

"नाही."

"आरशात?"

"नाही हो."

"एवढी मोठी बाई दिसत नाही, मग सायकलवरचं पोर काय दिसणार? हा आंधळा कोपरा. आरशावर भरवसा ठेवायचा, पण नवऱ्यावर ठेवतात तेवढाच. रस्ता बदलायच्या आधी मान वळवून बघायचंच."

मावशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

ती शिकत गेली. लांब गाडी वळवताना शेपूट आत कापतं, म्हणून नाक आधी पुढे न्यायचं. उंच गाडीला पुलावरचा वारा आडवा ढकलतो, तेव्हा वेग कमी आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. एक चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरलं तर घाबरून स्टिअरिंग झटकायचं नाही. पाय सैल सोडायचा, गाडी सरळ ठेवायची, वेग उतरला की अलगद वर घ्यायची. रिकाम्या मैदानात ब्रेकबाईंनी तिला वेगात नेऊन ओरडून ब्रेक मारायला लावला. पायाखाली पेडल थरथरलं तसा मावशीनं पाय उचलला.

"उचलला का?" ब्रेकबाई गरजल्या.

"मोडलं असं वाटलं."

"ते थरथरतं म्हणजे त्याचं काम करतंय. तुम्ही तुमचं करा. दाबून धरायचं, गाडी थांबेपर्यंत."

दारांचा तर वेगळा धडा झाला. भावोजींनी दारांची मोटर कधीच बंद करून टाकली होती, कारण शेंडेफळाला बटणाशी खेळायचा नाद. त्यामुळे दारं हातानंच ओढावी लागत. "गाडी पार्कवर, हँडब्रेक वर, मग दार," ब्रेकबाई म्हणाल्या. "आणि हे दार शेवटपर्यंत न्यायचं, खट्ट वाजेपर्यंत. अर्धवट ठेवलं आणि गाडी उताराला असली, तर दार आपल्या वजनानं परत येतं. जड असतं ते. समोर कोण आहे हे दार बघत नाही."

"दाराचं मला नका सांगू," मावशी जरा तोऱ्यातच म्हणाली. "जन्म गेला माझा त्या दाराशी."

शिकवणी संपली आणि ब्रेकबाई नव्या शिकाऊंकडे गेल्या. मावशी आता गाडीनं दुकानात जाऊ लागली. रविवारी ती गाडीला, म्हणजे खरं तर स्वतःला, फिरवून आणायची. शहराबाहेरच्या रस्त्यानं जायची, पुलावरून पलीकडे, पेट्रोल पंपाशी वळायचं आणि परत. मागे रिकाम्या सीटांचे बेल्ट एकमेकांवर टकटक आपटायचे. तिनं एकदा गाडी थांबवून ते सगळे खाचेत अडकवून टाकले. टकटक थांबली, तर गाडीत इतकी शांतता पसरली की तिनं पुढच्या रविवारी दोन बेल्ट मोकळे सोडले.

समोरच्या घरात नवरा, बायको, त्यांची छोटी मुलगी आणि नवऱ्याचे वडील असं कुटुंब राहायचं. आजोबांनी उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त केली होती. आता पाय साथ देत नव्हते आणि दर आठवड्याला व्यायामाच्या उपचारासाठी त्यांना रुग्णालयात न्यावं लागे. नवरा कामावर. सून एका हाताला म्हातारा आणि दुसऱ्या हाताला मुलगी घेऊन टॅक्सीची वाट बघत उभी असायची. मुलगी एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून तिचं नाव पडलं होतं भिंगरी.

एकदा टॅक्सी येईचना. मावशी दुकानात निघाली होती. खिडकीची काच खाली करून ती म्हणाली, "बसा. माझी गाडी रिकामीच असते."

"अहो, तुमच्या कामाचा खोळंबा होईल," सून म्हणाली.

"दुकान माझ्याशिवाय पळून जात नाही."

तिथून सुरुवात झाली. दुकानाच्या मालकाला सांगून मावशीनं उपचाराच्या दिवशीची कामाची वेळ उशिराची करून घेतली. माळ्यावरची शेंडेफळाची गाडीतली जुनी छोटी सीट काढली, फडक्यानं पुसली, मधल्या रांगेत बेल्टनं घट्ट आवळली आणि हलवून हलवून बघितली. आजोबा दाराजवळ, मध्ये सून, पलीकडे भिंगरी. आजोबांचा घडी होणारा वॉकर मागे, आडवा आणि बांधून, कारण ब्रेक लागला की सुटं सामान पुढे झेपावतं. भिंगरी सगळा रस्ता प्रश्न विचारायची. हा दिवा लाल का? आपण का थांबलो? ती गाडी का नाही थांबली? मावशी प्रत्येकाचं उत्तर द्यायची. आजोबा मध्येच म्हणायचे, "अगं, त्यांना चालवू दे," तर मावशी म्हणायची, "असू दे हो, मला ऐकू येतंय तेच बरं वाटतं."

ताईचा व्हिडिओ फोन यायचा, पण तिकडे सकाळ असली की इकडे झोपायची वेळ. मुलं शाळेच्या गडबडीत. थोरला "काय मावशी, बरी ना?" म्हणून पडद्यातून निघून जायचा. मधली तिकडच्या मैत्रिणींची नावं सांगायची, मावशीच्या एकही लक्षात राहायचं नाही. शेंडेफळ पहिल्यांदा रडायचं, मग रडेनासं झालं. ते बरंच झालं, असं मावशीनं ताईला सांगितलं आणि फोन ठेवल्यावर तिला जेवण गेलं नाही.

म्हणून आठवड्यातल्या त्या एका सकाळकडे तिचे डोळे लागलेले असायचे. आदल्या दिवशी ती गाडी धुवायची.

घडलं ते अशाच एका सकाळी. रुग्णालयाच्या पोर्चमध्ये एक रुग्णवाहिका उभी होती. रखवालदारानं हात करून मावशीला पुढे घालवलं. पुढे मागच्या फाटकाकडे उतरणारा रस्ता होता. तिनं उतारावरच गाडी कडेला घेतली, पार्कवर टाकली, हँडब्रेक ओढला, चाकं फुटपाथकडे वळवली. सगळं शिकवल्याबरहुकूम. मागून एक गाडी हॉर्न मारत होती. ती उतरली, वळसा घालून आली आणि दार मागे ओढलं.

आजोबांनी दार उघडताक्षणी पाय बाहेर टाकला. "अहो, थांबा, थांबा," म्हणत तिनं दार सोडून त्यांचा दंड धरला. दार जवळजवळ शेवटाला गेलं होतं. खट्ट मात्र वाजलं नव्हतं. आजोबा उतरले, तोल सावरायला त्यांनी दाराला हात टेकला, आणि सरळ उभे राहून हात काढताना दाराला पुढे रेटा बसला. तोवर सुनेनं भिंगरीचा बेल्ट सोडला होता, आणि ती क्षणात पायरीवर येऊन पुढच्या खांबाला धरून उभी होती. उडी मारायच्या बेतात.

दार निघालं. आधी हळू, मग भरभर.

मावशीचा उजवा हात आजोबांच्या दंडाला होता. तिनं डावा हात मध्ये घातला, भिंगरीच्या हाताच्या वर, खांबावर. दार येऊन आदळलं ते तिच्या बोटांवर. तिच्या बोटांच्या जाडीइतकी फट राहिली, आणि त्या फटीत भिंगरीची इवलीशी बोटं सलामत राहिली.

सुनेनं आतून किंचाळून दार मागे ओढलं, मुलीला उचललं, तिची बोटं एकेक करून चाचपली. "दार नीट उघडता येत नाही का हो?" ती ओरडली. मग तिची नजर मावशीच्या हाताकडे गेली. भिंगरी आता रडायला लागली होती, आईच्या ओरडण्याला घाबरून. आजोबा म्हणत होते, "अगं, काय झालं? काय झालं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही आत व्हा. वेळ चुकेल."

रुग्णालय समोरच होतं ही त्यातल्या त्यात सोय. दोन बोटं मोडली होती. डॉक्टरांनी पट्टी लावून प्लॅस्टर केलं. "सोबत कोण आहे?" नर्सनं विचारलं. मावशी क्षणभर दाराकडे बघत राहिली. सून आजोबांना घेऊन दुसऱ्या मजल्यावर होती, भिंगरी तिच्या कडेवर.

"गाडी आहे," ती म्हणाली. नर्सला काही कळलं नाही.

संध्याकाळी सून जेवणाचा डबा घेऊन आली. उंबऱ्याच्या आत काही आली नाही. डोळे सुजले होते. "मावशी, मी काहीबाही बोलले. तुमच्यामुळे वाचली ती."

"माझ्यामुळेच लागणारही होतं," मावशी म्हणाली. "दार मी नेलं नव्हतं शेवटपर्यंत."

सुनेनं मान खाली घातली. "ह्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आपण टॅक्सीनंच जाऊ यापुढे. तुम्हालाही उगाच त्रास." मग ती खरं ते बोलली. "त्यांना भीती बसलीय हो. मलाही."

"बसणारच," मावशी म्हणाली. "डबा उद्या धुऊन देते."

दुसऱ्या दिवशी तिनं डबा धुऊन त्यांच्या दाराशी ठेवला. बेल वाजवली नाही. एका हातानं तो घासायला बराच वेळ लागला होता.

दुकानात कापड डाव्या हातानं ताणून धरावं लागतं, तेव्हा कात्री बंद. मालक बरा माणूस होता, त्यानं तिला पडद्यांना कड्या ओवायच्या कामावर बसवलं. दिवसभर ती एका हातानं कड्या ओवायची. गल्लीत बोलणं चाललं होतंच. कुणी म्हणायचं, बाईनं जिवावर उदार होऊन पोरीला वाचवलं. कुणी म्हणायचं, ह्या वयात एवढं धूड चालवायचं वेड कशाला? दोन्ही तिच्या कानावर यायचं. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही तिला पटायचं.

समोर टॅक्सी यायची तेव्हा ती खिडकीच्या आत उभी राहायची. भिंगरी चढताना एकदा या घराकडे बघायची. आई तिचं डोकं हातानं आत घ्यायची.

रुग्णालयातून मेकॅनिकनं आणून लावल्यापासून गाडी उभीच होती. मेकॅनिकचं बोलणं आठवून शेवटी तिनं ब्रेकबाईंना फोन केला: हात मोडलाय, गाडी जरा फिरवून आणाल का? ब्रेकबाई आल्या, प्लॅस्टरकडे बघितलं आणि "काय केलंत?" एवढंच म्हणाल्या. मावशीनं सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"खट्ट वाजलं होतं का?"

"नाही."

"मग चूक तुमचीच."

"हो."

"पोरगी उतरायच्या आधी मोठ्यांनी उतरून तिच्यासमोर उभं राहायला हवं होतं. आईनं बेल्ट लवकर सोडला, ती तिची चूक. म्हातारबुवांनी घाई केली, ती त्यांची. तिघांच्या बारीक बारीक चुका, आणि मार खाल्ला तुमच्या बोटांनी." ब्रेकबाईंनी गाडी सुरू केली. "बसा पुढे."

मावशी पुढे बसली. पूल आला. मग ब्रेकबाई म्हणाल्या, "शाळेच्या गाडीत मला एकदा एक पोर झोपलेलं दिसलंच नाही. गाडी लावून घरी गेले मी. अर्ध्या वाटेतून कशी कोण जाणे परतले. तेव्हापासून गाडी बंद केली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघते. रिकामी आहे हे माहीत असलं तरी."

"मग सोडाविशी वाटली नाही गाडी?"

"वाटली की. पण मी सोडली असती तर पोरं दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसली असती, आणि त्याला ती भीती ठाऊक नसती."

घरी उतरताना ब्रेकबाई चहाला थांबल्या नाहीत, पुढची शिकवणी होती.

त्या आठवड्यात ताईचा फोन आला. मावशीनं हात टेबलाखाली ठेवला. बोलता बोलता डोळ्यावरचा केस मागे सारायला तिनं नेमका तोच वर केला.

"हे काय झालं?" ताई जवळजवळ पडद्यातून बाहेर आली. सगळं ऐकून घेतल्यावर मागून भावोजींचा आवाज आला, "अगं, विक म्हणून सांगितलं होतं ना! कुणासाठी ठेवलीयस ती गाडी?"

कुणासाठी? मावशी पडद्याकडे बघत राहिली. तिथं पाच जणांचं घर होतं, अनोळखी भिंती, अनोळखी पडदे. पडद्यांना चुण्या चांगल्या पडलेल्या नव्हत्या.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी सात सीटा?"

"एका सीटची मिळत नाही ना," मावशी म्हणाली. ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिनं विषय बदलला.

प्लॅस्टर निघालं. बोटं काठीसारखी ताठ झाली होती. ती गरम पाण्यात बुडवून रोज थोडी थोडी वाकवायला लागे. स्टिअरिंग धरता येईल इतकी वाकली तेव्हा पहिल्यांदा ती गाडी घेऊन निघाली, आणि गल्लीच्या तोंडाशीच परत फिरली. घाम फुटला होता. दुसऱ्या दिवशी पंपापर्यंत गेली.

पुढच्या आठवड्यात सकाळी बेल वाजली. दारात आजोबा. वॉकरला धरून रस्ता ओलांडून आले होते, एकटे, धापा टाकत.

"अहो, पडला असता म्हणजे!" मावशीनं खुर्ची ओढली.

"पडलो नाही." ते बसले, श्वास घेतला. "तो टॅक्सीवाला मला घाई करतो. मला घाई सोसत नाही. जन्मभर घड्याळं उघडून बसलो, घाई केली असती तर एकही चाललं नसतं. आज सुनेला बरं नाही. मी तिला म्हटलं, मी मावशींबरोबर जातो."

"त्यांना चालेल?"

"मला चालेल की," आजोबा म्हणाले. "दाराला टेकलो तो मी. घरात सांगितलं मी तसं. मुलगा म्हणतो, तुम्ही उगाच त्यांची बाजू घेता. म्हटलं, बाबा रे, बाजू कसली, हात माझा होता." त्यांनी आपला सुरकुतलेला पंजा बघितला. "पोरीला नाही पाठवणार ते. निदान एवढ्यात तरी. ते मी काही बदलू शकत नाही."

"नकाच बदलू," मावशी म्हणाली. "त्यांचं बरोबर आहे."

तिनं गाडी त्यांच्या पायापर्यंत आणली. सपाट जागेत. दार शेवटपर्यंत ओढलं, खट्ट वाजलं, तरी हलवून बघितलं. आजोबा चढले, बेल्टाचा चाप त्यांना जमेना, तो तिनं लावला. मधल्या रांगेत पलीकडे भिंगरीची सीट तशीच होती, पट्टे लोंबत असलेली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, मावशीनंही बघितलं.

रस्त्यात फारसं बोलणं झालं नाही. आजोबा बोलके नव्हतेच; बोलणारी घरी राहिली होती. दिव्यापाशी गाडी थांबली तेव्हा मावशीला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, आपण का थांबलो? कुणी विचारलं नाही. दिवा हिरवा झाला.

आजोबा आत असेपर्यंत ती गाडीतच बसून राहिली. बोटं उघडमीट करत होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. ते बाहेर आले ते पार थकून. परतीच्या वाटेवर तिनं आरशात बघितलं तर त्यांची मान एका अंगाला कलली होती, तोंड किंचित उघडं. झोपले होते. तिनं वेग आणखी कमी केला. खड्ड्यांच्या कडेकडेनं, वळणांवर आधी नाक पुढे नेऊन, इतक्या अलगद की मागच्याला कळूही नये.

गल्ली आली. समोरच्या घराच्या खिडकीत भिंगरी उभी होती, काचेला नाक लावून. तिनं हात हलवला. मावशीनं स्टिअरिंगवरची ताठ बोटं जेवढी उचलता येतील तेवढी उचलली. मग आरशात पुन्हा बघितलं. आजोबा गाढ होते. थांबलं तर जागे होणार, दार उघडलं तर जागे होणार, आणि ते उतरले की मग घर.

तिनं मान वळवून मागचा रस्ता बघितला, कुणी येत नव्हतं, आणि गाडी न थांबवता पुढे काढली. वाण्याच्या दुकानापाशी वळून आणखी एक फेरी मारून आली.